आमच्या गल्लीची कंटिन्युइटी

आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत घराला रंग द्यायचा तर मल्लेशमामांची परवानगी लागते. आणि मामा परवानगी देत नाहीत.

"पिक्चर अर्धा हाय," ते सांगतात. "उरलेला अर्धा होईस्तोवर कशाला हात लावायचा न्हाय. कंटिन्युइटी बिघडते."

हा शब्द त्यांना सिनेमावाल्यांकडून मिळाला. एका मराठी चित्रपटाचं युनिट आमच्या गल्लीत आलं आणि अर्धं काम करून गेलं. निर्मात्याच्या आधीच्या चित्रपटाचं सरकारी अनुदान अडकलं होतं. ते सुटलं की उरलेलं शूटिंग. जाताना त्यांचा मॅनेजर सहज म्हणाला, "मामा, परत येईपर्यंत गल्ली अशीच ठेवा हं."

मामांनी ते इतकं मनावर घेतलं की सलूनवाल्याला आपल्या पाटीवरचं गळून पडलेलं अक्षर पुन्हा रंगवता येईना. वीजवाले कडुलिंबाची फांदी तोडायला आले, तर मामांनी झाडाला मिठीच मारली. "सीनमध्ये हाय ती!" शेजारच्या पद्माक्कांनी तुळशीची कुंडी उन्हासाठी सरकवली, ती मामांनी परत जागेवर आणून ठेवली.

"अक्का, तुळस कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला होती."

"मग पाणी पण कॅमेराच घालणार काय तिला?" अक्का म्हणाल्या.

मी पत्रकं वाटत वाढलेला माणूस. जिथं नळाला रोज पाणी नाही, तिथं सिनेमाला अनुदान आणि करात सवलत कशासाठी, असा माझा सरळ सवाल होता आणि आजही आहे. 'आधी नळाला पाणी, मग पडद्याला पैसा!' असं पत्रक मी छापून आणलं. सगळा गठ्ठा मामांनी दारातच अडवला.

"ए पत्रक, हितं ये. हे सरकारनं ऐकलं तर?"

"ऐकावं म्हणूनच छापलंय, मामा."

"तुझं कधी ऐकतंय का ते? पण नेमकं हेच ऐकंल. ठेव हितं."

अर्थसंकल्पाच्या दिवशी मामा टीव्हीसमोर मांडी घालून बसतात. रस्ते, धरणं, कर्जं आली की "हां हां, म्होरं" म्हणतात. 'चित्रपट' हा शब्द ऐकला की आवाज वाढवतात आणि सगळ्या गल्लीला गप्प करतात.

मला वाटायचं, म्हाताऱ्याला पडद्यावर दिसायची हौस आहे. चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर, हिरोच्या मागं बसायचं, एवढंच त्यांचं पिक्चरमधलं काम. शेजारी बसवले होते समोरच्या घरातले रज्जाकचाचा. पण अख्ख्या पेठेला जे ठाऊक होतं, ते दिग्दर्शकाला ठाऊक नव्हतं. तरुणपणापासून एका शेडमध्ये माग चालवलेले हे दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. चाचांनी मुलीच्या, सलमाच्या लग्नाची पत्रिका स्वतः न आणता पुतण्याच्या हाती पाठवली. मामा लग्नाला गेले नाहीत. विषय तिथंच संपला होता.

दिग्दर्शकानं दोघांना बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं, "आजोबा, गप्पा मारा. आवाज घेणार नाही, काहीही बोला."

कॅमेरा चालू. आता बोलणं भागच होतं. मामा म्हणाले, "ऊन लई हाय." चाचा म्हणाले, "व्हय." हिरो वाक्य चुकत गेला, टेक वाढत गेले. दुपारपर्यंत दोघं असे हसायला लागले की दिग्दर्शक ओरडला, "आजोबा, जरा कमी!"

संध्याकाळी पॅकअप झालं. दोघं आपापल्या घरी गेले आणि पुन्हा गप्प. कॅमेऱ्याशिवाय आधी कोण बोलणार?

गेल्या आठवड्यात मामा म्हणाले, "तो मॅनेजर माझा फोन घेत न्हाय. तू लाव." मी त्यांच्या ओट्यावर उभा राहून स्पीकरवर लावला. मॅनेजरनं सगळं सांगितलं. दुसऱ्या एका राज्यात शूटिंग केलं की तिथलं सरकार करात सवलत देतं, खर्चातलाही काही भाग परत करतं. म्हणून त्यांनी तिथंच आमच्या गल्लीचा सेट उभा केला आणि पिक्चर संपवला.

"आन् बाकड्यावर?" मामांनी विचारलं.

"तिथलेच दोन म्हातारे बसवले, मामा. तुमचा सीनही नव्यानं घेतला," मॅनेजर म्हणाला.

मामा खाली बसले. सरकार सिनेमाला पैसे देतं म्हणून मी नेहमी चिडतो. त्या दिवशी वेळेवर दिले नाहीत म्हणून चिडलो.

समोरच्या दारात रज्जाकचाचा सगळं ऐकत उभे होते. ते तडक गल्ली ओलांडून आले.

"मल्लेशा! आपल्या जागी दुसरेच बसवले म्हणं?"

मामांनी वर पाहिलं. "व्हय की."

"त्यांना काय येतंय रे? नुसतं तोंड हलवतील."

"आन् हसतील कसं? त्यांच्यात भांडण तरी झालंय का कधी?"

मग दोघांनी मिळून निर्मात्याला, मॅनेजरला आणि दोन्ही राज्यांच्या सरकारांना मराठीत, तेलुगूत आणि दखनीत असं काही सुनावलं, की माझी पत्रकं त्यापुढं हळदीकुंकवाची आमंत्रणं वाटली.

दमल्यावर चाचा हळूच म्हणाले, "सलमा आलीय माहेरी. नातू पण आलाय."

"मोठा झाला असंल. चालत असंल की."

"तुला काय ठाऊक?"

मामा आत गेले आणि कपाटातून एक इवलीशी दुलई घेऊन आले. डांबरगोळ्यांचा वास, पण रंग नवाकोरा. "जन्मला तवा विणली हुती," एवढंच म्हणाले.

चाचांनी ती उलगडली, हातभर लांब धरली, पुन्हा पुन्हा बघितली. म्हणाले, "पोराचे पाय भायेर राहतील की रे."

मामा चपला शोधत होते. "मग चल की. माप घेऊ."