खाडीत येरझाऱ्या घालणारी पांढरी गाडी

"भाभी, हे लाल बटण दाबायच्या आधी घरातली माणसं मोजायची. सगळी भरली, तरच दाबायचं!"

आमच्या गाडीत चोर पकडायचं यंत्र बसवताना रेवदंड्याच्या हमीदभाई मेकॅनिकनी मला असं बजावलं होतं. मी हसले. अहो, मी बी.एस्सी. झालेली बाई! मुलीचं अंग नुसतं कोमट लागलं तरी दिवसात सहा वेळा थर्मामीटर लावणारी, दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारी! मला माणसं मोजायला शिकवतात?

"हमीदभाई, चोर काय मला हजेरी घेईपर्यंत थांबणार आहे?" मी म्हटलं.

त्यांनी हात पुसले आणि बिल लिहायला घेतलं. शहाण्या बाईपुढे गप्प बसावं हे त्यांना माहीत असावं.

तर माझा अभ्यास सांगते. लोकांना वाटतं, चोर लांबलचक परदेशी गाड्या पळवतात. मुळीच नाही! चोराला हवी असते गर्दीत हरवून जाणारी गाडी. पांढरी, मधल्या किमतीची, गल्लोगल्ली दिसणारी. तिचे आरसे, दिवे, दारं तसल्याच कुठल्याही गाडीला बसतात, म्हणून खाटकाकडच्या बोकडासारखी ती सुटी सुटी करून विकता येते. हे वाचता वाचता मी खिडकीतून बाहेर पाहिलं. पोफळींच्या सावलीत आमची पांढरी गाडी उभी होती. भोळी! कुणाहीबरोबर जाईल अशी!

त्या दिवसापासून चौलच्या आमच्या वाडीत पहारा सुरू झाला. स्टिअरिंगला लालभडक लोखंडी दांडा. काचांवर गाडीचा नंबर कोरलेला. गाडी नेहमी विहिरीच्या कठड्याकडे तोंड करून लावायची, म्हणजे चोराला पटकन निघता येऊ नये. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीच्या चावीचा सिग्नल चोर म्हणे भिंतीबाहेरून ओढून घेतात, म्हणून ती चावी, दांड्याच्या किल्लीसकट, चांदीच्या कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. आणि सगळ्यावर कळस म्हणजे ते यंत्र. गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसणार, आणि लाल बटण दाबलं की इंजिन बंद!

"अगं, घराला एवढी कुलपं नाहीत," निकेत, माझा नवरा, म्हणाला.

"घर कुणी चालवत नेत नाही!"

त्यालाही जरा जबाबदारी कळावी म्हणून यंत्राला मी त्याचा नंबर दिला. बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करायचं तर ओटीपीचे आकडे त्याच्या मोबाईलवर येणार. निकेत उरणला कंटेनर यार्डात आहे. तिथे ड्युटीवर जाताना मोबाईल फाटकावर जमा करावा लागतो. एवढी बारीकशी गोष्ट तेवढी माझ्या अभ्यासातून सुटली.

आता घरातला तिसरा मोठा माणूस. माझे सासरे, दयाराम. पस्तीस वर्षं ट्रक चालवला. सासूबाई गेल्यापासून बोलणं कमी झालंय. तीन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवायला हरकत नाही. मी म्हटलं, अजून पंधरा दिवस जाऊ देत. असे पंधरा दिवस मी चारदा म्हटले.

त्या सोमवारी बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले. "मृणाली, कोंडाजी कालपासनं फोन उचलत न्हाय गो. मला जरा दिघीला सोडशील?"

कोंडाजीकाका म्हणजे बाबांच्या ट्रकवरचे क्लीनर. वीस वर्षं बाबांच्या डाव्या हाताला बसलेला माणूस. आता खाडीपलीकडे दिघीला एकटे राहतात. मी मोबाईलवर 'चोर काच कशी फोडतात' हे पाहत होते.

"रविवारी नक्की जाऊ हं बाबा."

"आज सोमवारच हाय," बाबा म्हणाले आणि गेले.

बुधवारी अकराच्या सुमाराला मी भाकऱ्या भाजत होते. तीन वर्षांची आमची मैना धावत आली. "आई! आजोबा भुर्रर्र!"

"आजोबा गाई गाई करतायत. हळू बोल." ऑपरेशनपासून बाबा कधीही आडवे होत. खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून पंख्याची घरघर येत होती.

"भुर्रर्र!" मैना हट्टाला पेटली. मी तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला. एकुलता एक साक्षीदार होता, त्याचं तोंड मी माझ्या हाताने बंद केलं!

बाराला कपडे वाळत घालायला बाहेर आले. विहिरीचा कठडा होता. पोफळी होत्या. गाडी नव्हती!

हातातला मैनाचा ओला फ्रॉक मी गळ्याला गुंडाळला आणि मोबाईल उघडला. नकाशावर एक निळा ठिपका मुरूडकडे चालला होता. माझी गाडी! वेग अडतीस. इतका हळू? सराईत दिसतोय! संशय येऊ नये म्हणून! प्रत्येक शाळेपाशी ठिपका आणखी हळू होत होता. नंतर बाजारात पाच मिनिटं थांबला. सौदा! भर बाजारात माझ्या गाडीचा सौदा चाललाय! (ते केळी घेत होते, हे मागाहून कळलं. डझनभर, वेलची.)

बाबांना उठवावं असं मनात आलं. पण एवढी वाईट बातमी, त्यांचं ते बीपी... झोपू दे बिचाऱ्यांना, असं म्हणून मी त्यांच्या दारावरून चवड्यांवर चालत गेले. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

ठिपका आगरदांड्याला पोचला आणि मग सरळ खाडीत शिरला!

मी मोबाईल झटकून पाहिला. मग आठवलं, अगं, फेरीबोट! गाड्या घेऊन दिघीला जाणारी बोट! चोर पलीकडे पोचला की संपलं. मी डोळे मिटले आणि लाल बटण दाबलं.

'इंजिन बंद करण्यात आले आहे.'

मला असं काही विजयी वाटलं म्हणून सांगू! ठिपका दिघीला टेकला. थांबला. आणि परत आगरदांड्याकडे निघाला! तिथे पोचला, आणि पुन्हा दिघीकडे! चोराला काही ठरवता येईना. लग्नाच्या बोलणीला आलेल्या पाहुण्यांसारखा उंबऱ्यातच आत-बाहेर, आत-बाहेर!

मी हमीदभाईंना फोन लावला. "गाडी चोरीला गेली! मी बटण दाबलं! चोर बोटीवर अडकलाय!"

"माणसं मोजली?"

"मोजायचंय काय त्यात! निकेत ड्युटीवर, मैना माझ्या कडेवर, बाबा झोपलेत."

"झोपलेले बघितले?"

"पंखा चालू आहे ना!"

"भाभी," हमीदभाई शांतपणे म्हणाले, "पंखा हवेसाठी असतो. आत माणूस हाय का, ते बघा."

मी दार ढकललं. चादरीची नीट घडी घातलेली. उशाशी बाबांचा फोन चार्जिंगला लावलेला. आणि पलंगावर चावीचा तो स्टीलचा डबा, रिकामा. शेजारी चांदीचा कागदही नीट घडी करून ठेवलेला, मला परत लागेल म्हणून.

"आजोबा भुर्रर्र," मैना म्हणाली. या वेळी अगदी हळू, मी शिकवलं होतं तसं.

चोर कसला! कोंडाजीकाकांना पाहायला माझे सासरे निघाले होते, आणि मी त्यांना खाडीत अडकवून ठेवलं होतं! आणि बटण अर्ध्या तासापूर्वी दाबलं असतं तर? काशीदच्या वळणांवर, उतारावर, चालत्या गाडीत? ते 'तर' आजही मला पुरतं उच्चारता येत नाही.

हमीदभाईंचा राहील नावाचा भाचा त्याच बोटीवर तिकिटं फाडतो. हमीदभाईंनी त्याला मध्ये घेऊन तिघांचा फोन जोडला.

"मामू, पांढरी गाडी ना? हाय की! पाचवी फेरी चाललीय तिची," राहील सांगू लागला. "ओहोटी लागलीय, उताराला शेवाळ. आम्ही आठ जणांनी ढकलली, वर जातच न्हाय. मग चाचांना म्हटलं, बसा आतच, भरती आली की बघू. त्यांना भजी दिलीत. त्यांनी आम्हाला केळी दिली."

"फोन द्या त्यांना!"

"मृणाली?" बाबांचा आवाज आला. मागे समुद्रपक्षी ओरडत होते. "गाडीला काय झाला कळत न्हाय गो. पण तू घाबरू नको. एक ओरखडा आला न्हाय."

"बाबा... गाडी राहू दे तिथेच. तुम्ही उतरा, रिक्षा करा आणि काकांकडे जा."

"गाडी टाकून?" बाबांना धक्काच बसला. "ड्रायव्हर गाडी टाकून जात न्हाय पोरी. पस्तीस वर्सांत कधी गेलो न्हाय. आनि ही तर तुझी. केवढी जपतेस तिला."

बायांनो, त्या क्षणी ती गाडी खरंच कुणी चोरून नेली असती तर मी तिला हळदीकुंकू लावून त्याच्याबरोबर पाठवलं असतं!

पण कोंडाजीकाका तिकडे चार दिवस फोन उचलत नव्हते, आणि बाबा गाडी सोडत नव्हते. म्हणजे इंजिन सुरू व्हायलाच हवं होतं. म्हणजे निकेतच्या मोबाईलवरचे आकडे हवे होते! मी यार्डाच्या फाटकावर फोन केला.

"ड्युटीवरच्या माणसाला बोलवता येत नाही," पहारेकरी म्हणाला. "काय अर्जंट आहे?"

"त्यांना सांगा, बाबा खाडीत आहेत!"

हे वाक्य मी दुसऱ्या कशाही प्रकारे बोलू शकले असते. बोलले नाही. सात मिनिटांत निकेतचा फोन आला. धापा टाकत, रडवेल्या आवाजात. मागे अर्धं यार्ड गोळा झालेलं ऐकू येत होतं.

"मृणाली! कुठल्या खाडीत? सापडले का?"

"सापडले! भजी खातायत!"

"भजी खातायत," निकेतने मागच्या यार्डाला सांगितलं.

"मग खाडीत कोण आहे?"

"बाबाच! निकेत, आत्ता काही विचारू नकोस. मोबाईलवर आकडे येतील, ते सांग!"

पहिल्यांदा तो 'बाबा नक्की कुठे आहेत' हेच विचारत राहिला, आकडे वाचेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्यांदा मी सहाच्या जागी नऊ दाबला. तिसऱ्यांदा पहारेकऱ्याने वाचून दाखवले, स्पष्ट आणि खणखणीत, आणि बटण हिरवं झालं. राहीलला सांगितलं, बाबांना म्हणावं आगरदांड्यालाच थांबा. हमीदभाईंनी टेम्पो काढला. मैनाला मांडीवर घेऊन मी निघाले. अख्खा रस्ता ती दुसऱ्या कुणाकडे नव्हे, माझ्याकडेच बघून म्हणत होती, "भुर्रर्र."

आम्ही पोचलो तेव्हा बाबा जेट्टीवर गाडीचं बॉनेट फडक्याने पुसत उभे होते. मला पाहून शाळा बुडवलेल्या पोरासारखे ओशाळले. खरं तर तो चेहरा माझा असायला हवा होता. त्यांनी चावी पुढे केली.

"तुम्हीच चालवा बाबा," मी म्हटलं आणि मैनाला घेऊन मागे बसले. हमीदभाईंचा टेम्पो आमच्या मागोमाग बोटीवर चढला.

दिघीत शेवटच्या वळणावरच्या घरासमोर त्यांनी हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. आतून क्षीण आवाज आला, "आस्ते... मागं गटार हाय..."

कोंडाजीकाका चुलीपाशी जमिनीवर होते. रविवारी पाय घसरून पडले होते. घोटा सुजून कणगीएवढा झालेला. शेजारची काशी माहेरी लग्नाला गेलेली. सरपटत घागरीपर्यंत जायचे, पाणी प्यायचे, डब्यातली बिस्किटं खायचे. फोन पडला होता वरच्या फळीवर.

"वाजत व्हता," ते म्हणाले. "तूच असशील ते कळत व्हतं. हात पोचत न्हवता रं. मग त्याचं वाजणंबी थांबलं."

बाबा खाली बसले. त्यांनी केळं सोलून काकांच्या हातात दिलं.

"उशीर केलास दया."

आता बाबा सांगणार, सोमवारी मी कसं टाळलं ते. सांगायलाच हवं होतं.

"गाडी बंद पडली व्हती," बाबा म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"क्लीनर बरोबर नसला का असाच व्हतो," काका म्हणाले. मग खिडकीतून बाहेर बघत भुवया उंचावल्या. "पांढरी घेतलीस? जपा हां. पांढरी लई चोरतात."

हमीदभाईंना टेम्पोत जाऊन हसावं लागलं.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं. काका महिनाभर आमच्याकडे राहिले. दोघं ओटीवर बसून मैनाला रिव्हर्स घ्यायला शिकवत, तिच्या तीनचाकीवर. मग एक दिवस काकांनी पिशवी भरली. घर बोलावतंय म्हणाले. ऐकेनात.

आता हे मी या ग्रुपवर का लिहितेय ते सांगते. कालपासून काका पुन्हा फोन उचलत नाहीत. बाबा म्हणतायत, फोन कुठेतरी विसरला असेल, आणि दर दहा मिनिटांनी तोच नंबर फिरवतायत. गाडी हमीदभाईंकडे उघडलेली पडलीय, ते यंत्र काढायला. आज बोटही वाऱ्यामुळे बंद आहे. उद्या पहाटे आम्ही निघतोच आहोत. पण दिघीच्या बाजूला तुमच्यापैकी कुणी असेल, तर तेवढं शेवटच्या वळणापर्यंत जाऊन याल का? हाक मारा. उत्तर आलं नाही तर दार ढकला, ते कुलूप लावत नाहीत. चोरण्यासारखं घरात आहे काय, म्हणतात.

त्यांचं ऐकू नका. आत जाऊन बघा.