मृत्युपत्र, अभिप्रायासाठी सादर

मृत्युपत्र करायचं मी ठरवलं ते मरायची घाई होती म्हणून नव्हे. (मला कसलीच घाई नसते. सव्वीस वर्षं सरकारी टेबलामागे काढलेल्या माणसाला ती शोभतही नाही.) आमचा विभाग घरांना नाव लावण्याचा. मालक गेला की त्याच्या घराला वारसाचं नाव लावायचं, एवढंच काम. तर झालं असं, की माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी अचानक गेला, आणि दुसऱ्यांच्या घरांना आयुष्यभर नावं लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घराबद्दल एक ओळ लिहून ठेवली नव्हती.

त्याची बायको आमच्याच खिडकीशी येऊ लागली. कधी हा दाखला, कधी तो. तिची फाइल 'त्रुटी' असा शेरा मारून तीन वेळा परत करणारा माणूस मीच. नियमच तसा आहे. पण चौथ्यांदा ती आली तेव्हा खिडकीच्या जाळीपलीकडे मला तिच्या जागी आमची बायको उभी दिसली, हातात फाइल घेऊन, आणि अलीकडे माझ्यासारखाच कोणीतरी चष्मा पुसत बसलेला. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी डबा तसाच घरी परत आला.

संध्याकाळी बायकोला म्हणालो, "मी मृत्युपत्र करतोय."

"करा," ती म्हणाली. "त्याआधी मोरीचा नळ दुरुस्त करा."

रविवारी सकाळी मजकूर लिहायला घेतला. घर बायकोला. स्कूटर मुलाला. पुस्तकं, कपाटासकट, मुलीला. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण समोर माझ्याच आरामखुर्चीत माझा मेहुणा पसरला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहतो आणि दर रविवारी सकाळी येऊन माझ्याआधी माझा पेपर उलगडतो. त्याला काय द्यावं? मला माळा आठवला. मोडका पंखा, गळकी बादली, रद्दीचे गठ्ठे. मी मोठ्या समाधानाने शेवटचं कलम लिहिलं: 'वर न आलेलं, किंवा काही कारणाने ज्याचं त्याला देता न आलेलं, सर्व काही माझ्या मेहुण्यास.'

आता आमच्या ऑफिसची एक पद्धत आहे. कुठलाही कागद सगळ्यांच्या टेबलांवरून फिरून, सगळ्यांच्या सह्या घेऊन आल्याशिवाय तो कागदच मानत नाहीत. मी मसुद्याला फाइल लावली, फीत बांधली, वर 'अभिप्रायासाठी सादर' लिहिलं आणि फाइल घरात फिरवली. मुलाचा अभिप्राय आला, 'स्कूटर सुरू होते का, याचा खुलासा व्हावा.' मुलीने लिहिलं, 'यातली निम्मी पुस्तकं माझीच आहेत. माझीच मला देऊ नयेत.' बायकोच्या रकान्यात एकच शब्द होता. नळ.

योग्य त्या दुरुस्त्या करून मी पक्की प्रत काढली. खाली साक्षीदारांसाठी जागा सोडायची असते, हे मला अर्थातच माहीत होतं. घरच्यांपेक्षा जवळचे साक्षीदार कुठून आणायचे? बायको, मुलगा, मुलगी, तिघांनी ओळीने सह्या केल्या. राहिला मेहुणा. तो वाचल्याशिवाय कुठेही सही करत नाही, आणि वाचत काहीच नाही. (रविवारची पुरवणी सोडून.) अकरा दिवसांनी त्याच्या घरून फाइल परत आली, त्याच्या सहीशिवाय आणि चहाच्या कपाचा गोल डाग घेऊन. मी शेरा मारला, 'अभिप्राय अप्राप्त,' आणि कागद घेऊन वकीलबाईंकडे गेलो.

वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. छापखान्याच्या वर एका खोलीत त्यांचं ऑफिस. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "काका, हे तीन साक्षीदार कोण?"

"घरचेच," मी अभिमानाने सांगितलं.

"मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. झाला, तर त्याचा वाटा जातो."

"कुठे जातो?"

त्यांनी शेवटच्या कलमावर बोट ठेवलं. "इथे. या गृहस्थांनी सही केलेली नाही. हुशार दिसतात."

माझ्या डोळ्यांसमोर माळ्यावरून मोडका पंखा खाली उतरला आणि त्याच्यामागून स्कूटर, पुस्तकं, कपाट, शेवटी अख्खं घर मेहुण्याकडे निघालं. "म्हणजे मी गेल्यावर हिला भावाच्या घरात राहावं लागेल?"

"घर तेच," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त ते त्यांचं असेल."

बायकोला खिडकीशी उभं राहावं लागू नये म्हणून निघालेला मी, तिला आपल्याच स्वयंपाकघरात भावाची परवानगी काढायला लावून बसलो होतो. माझ्याच फाइलवर 'त्रुटी' लिहायची वेळ आली होती. वकीलबाईंनी तो कागद फाडला आणि अर्ध्या तासात नवा करून दिला. साक्षीदार म्हणून त्यांचा टंकलेखक आणि खालच्या छापखान्याचा मालक. या दोघांना माझ्याकडून काहीही मिळणार नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही.

घरी येऊन मी कागद बायकोच्या हातात दिला. "आता तुला कुठल्याही खिडकीशी उभं राहायला नको," मी म्हणालो. तिने कागद वाचला, त्याची नीट घडी घातली. मग म्हणाली, "माझंही आहे."

"काय?"

"मृत्युपत्र. सहा वर्षं झाली. माझ्या ऑपरेशनच्या आधी केलं होतं."

कपाटातल्या चादरींखालून तिने एक कागद काढला. एकच पान. साक्षीदार वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, म्हणजे अगदी नियमाप्रमाणे. शिवणयंत्र मुलीला, स्वतःच्या नावच्या ठेवी दोन्ही मुलांना. आणि यादीच्या शेवटी, शिवणयंत्राच्या जादा सुयांच्या डबीनंतर, मी होतो. 'हे एकटे राहू शकणार नाहीत. चहा करतात, पण गॅस बंद करत नाहीत. माझ्या मागे माझ्या धाकट्या भावाने यांना आपल्याकडे न्यावं.'

त्याखाली मेहुण्याची सही होती, तारखेसकट. आणि सहीच्या वर, त्याच्या हाताने लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो, 'पूर्ण वाचलं. जमणार नाही.'