ओठांवर रोखलेली दुर्बीण

शनिवारी दुपारी चार वाजता कवळीमास्तरांनी घरातल्या एकुलत्या एका वेबकॅमेऱ्याचं भिंग फिरवून काढलं, आणि ही गोष्ट बायकोला सांगायची राहून गेली. 'राहून गेली' हा मास्तरांचा शब्द. बायकोचा शब्द वेगळा होता.

कवळीमास्तर म्हणजे कवळ्या बनवणारे. दातांच्या तीन डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे त्यांच्याकडे यायचे आणि पुढच्या खोलीत बसून ते त्यांना दात बसवून द्यायचे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा हा माणूस संध्याकाळ झाली की मागच्या अंगणात जाऊन आभाळात डोकवायचा. दुर्बीण त्यांनी घरीच जुळवलेली होती. सांडपाण्याच्या पाइपाएवढी जाड नळी, तळाशी आरसा आणि वरच्या बाजूला डोळा लावायचं भोक. चंद्र टिपून झाला होता, गुरू झाला होता. आता शनीचं कडं हवं होतं. दोन महिन्यांत साधा कॅमेरा भोकाशी धरून त्यांनी शनीचे चाळीस फोटो काढले. बायकोने चाळीसही पाहिले आणि प्रामाणिक मत दिलं, "तांदळाचा दाणा थंडीने कुडकुडतोय."

वर हेही ऐकवलं, "शनी मागे लागू नये म्हणून लोक जिवाचं रान करतात. तुम्ही खुर्ची टाकून त्याच्या मागे लागलाय!"

मग मास्तरांना कुठल्याशा मासिकात युक्ती सापडली. वेबकॅमेऱ्याचं भिंग काढायचं, उघडा पडलेला कॅमेरा फोटोच्या रिळाच्या रिकाम्या डबीत बसवायचा आणि डबी दुर्बिणीच्या भोकात सरकवायची. झालं! अख्खी दुर्बीणच कॅमेऱ्याचं भिंग. डबी आणि कॅमेरा त्यांनी कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकने चिकटवून टाकले. त्या गुलाबी हिरड्यांच्या जोरावर माणसं वीस-वीस वर्षं अक्रोड फोडतात, त्यामुळे सांधा सुटायचा प्रश्नच नव्हता.

साडेपाचला बायको मागच्या दारात आली.

"अहो, लॅपटॉपवरचा कॅमेरा कुठाय? सहाला आईचा कॉल आहे."

मास्तरांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर गवतात पडला.

मोबाईलवर तेव्हा नुसतं बोलता यायचं, आणि नुसतं बोलून सासूबाईंच्या बाबतीत काही उपयोग नव्हता. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, सहा तासांवरच्या गावी मुलाकडे राहायच्या. दहा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले तेव्हापासून त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायच्या. दर शनिवारी सहाला मुलगा त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवायचा, इकडून लेक बोलायची आणि तिकडून म्हातारी मान डोलवायची. मागच्या वर्षी एकदा लाईन बंद पडली, तर 'लेकीचं तोंड दिसल्याशिवाय गोळी घेणार नाही' म्हणून त्यांनी ब्लडप्रेशरची गोळी तीन दिवस हातात धरून ठेवली होती.

"भिंग आत्ता परत बसवतो," मास्तर म्हणाले. "वाटीत ठेवलंय."

"कुठल्या वाटीत?"

"त्या रबराच्या..." मास्तरांचा आवाज वाटीतच अडकला. साडेचारला त्याच वाटीत त्यांनी प्लास्टर कालवलं होतं आणि तंद्रीतच एका वकीलसाहेबांच्या खालच्या जबड्याच्या साच्यात ओतलं होतं. मसुरीएवढं भिंग. आता ते वकीलसाहेबांच्या दाढेच्या आसपास कुठेतरी दगड होऊन बसलं होतं.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. मागच्या पायरीवर बसली आणि पदराच्या टोकाला गाठी मारायला लागली. तेवढ्यावरून मास्तर ओळखायचे की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

"हे बघ," ते घाईने म्हणाले, "कॅमेरा चालू आहे. फक्त तो आता जवळचं बघत नाही. लांबचंच बघतो. तू जरा लांब जा."

"किती लांब?"

"तीस मीटर."

"लग्नाला एकतीस वर्षं झाली. आज पोटातलं ओठावर आलं म्हणायचं."

पण उठली. अंगणाच्या भिंतीपलीकडे शिंपीणकाकूंचं घर होतं. घराला बाहेरून लोखंडी जिना आणि वर गच्ची. काकूंना काही कळायच्या आत ती जिना चढून गेली आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये उभी राहिली. इकडे मास्तरांनी इंटरनेटसाठी फोनची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढून लॅपटॉप अंगणातल्या स्टुलावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुर्बीण आडवी केली.

पडद्यावर कानातली कुडी आली. मग कोणाच्या तरी पायजम्याची नाडी आली.

"डावीकडे!" मास्तर ओरडले. "तुझी डावी नाही, माझी डावी!"

"वहिनी," गच्चीवर आलेल्या शिंपीणकाकूंनी विचारलं, "मास्तर रागावलेत का?"

"नाही हो. माझा फोटो काढतायत."

"इतक्या लांबून?" काकू म्हणाल्या आणि वाळलेले कपडे गोळा करता करता तिथेच थांबल्या.

सहाला कॉल लागला. मेहुण्याचा घाबरलेला आवाज आला, "भावोजी, ताईला काय झालंय? हनुवटी वर, नाक खाली!"

"दुर्बिणीत उलटंच दिसतं रे. थांब." मास्तरांनी डबी अर्धी फिरवली. पडदा सरळ झाला आणि त्यावर नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत, काठोकाठ, बायकोचे ओठ आले. ओठांवरची बारीक भेगसुद्धा दिसत होती.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या कायम ओरडूनच बोलायच्या. "केवढी मोठी झालीस!"

ओठ हलले. सासूबाई एकेक शब्द मोठ्याने लावत गेल्या, "आई... कशी... आहेस. मी बरी आहे गं! तू कशी आहेस?"

मास्तरांनी हाताचा भोंगा करून तो प्रश्न गच्चीवर पोचवला. ओठ पुन्हा हलले.

"मजेत... आहे," सासूबाईंनी वाचलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण बायको इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. जाड काचेमागे बसून रांगेतल्या माणसांबद्दल मनातलं पुटपुटायची तिला वीस वर्षांची सवय. बाहेर काही ऐकू जात नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. गच्चीवरून अंगणातही काही ऐकू जात नव्हतं. मास्तर फोकस नीट करायला वाकले आणि ती स्वतःशीच पुटपुटली.

"गुडघा... बोंबलतोय," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "कुठला गुडघा गं?"

मास्तरांनी मान वर केली. "गुडघा?"

"डावा," सासूबाई वाचत होत्या. "तीन महिने झाले. सांगणार कोणाला. ह्यांना शनीच्या कड्यातली फट दिसते, बायको कठडा धरून जिना चढते ते दिसत नाही."

मेहुण्याने पलीकडे खोकल्यासारखं केलं. मास्तरांनी समोर पाहिलं. तीस मीटरवर बायको पाय बदलून उभी होती, चेहऱ्यावर अगदी साळसूद भाव. तिचं मन मात्र सासूबाईंच्या तोंडून त्यांच्या अंगणात येऊन पडत होतं. दुर्बीण हलवावी असं त्यांना क्षणभर वाटलं. हात पुढे झालाही. पण म्हातारी पडद्याला इतकी चिकटली होती की हात परत आला.

"आणि मांजर कशी आहे?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

मास्तर गोंधळले. "मांजर जाऊन दोन वर्षं झाली. हिने रडत रडत सांगितलं होतं की!" मेहुण्याने ते कागदावर लिहून आईसमोर धरलं.

"मला कसं कळणार?" सासूबाई म्हणाल्या. या वेळी आवाज जरा खाली आला होता. "त्या कॅमेऱ्यात तुमचं सगळं घर दिसायचं, ओठ मुंगीएवढे. तेही धुक्यातले. चार वर्षं मी नुसती मान डोलवतेय. पोरगी इतक्या हौसेने बोलते, तिला कशाला सांगू कळत नाही म्हणून? हसली की हसायचं. आज पहिल्यांदा सगळं कळतंय."

मास्तरांनी हे गच्चीवर ओरडून सांगितलं. निदान सांगायला सुरुवात केली. 'चार वर्षं' इथपर्यंत आल्यावर ते पुढचं नुसत्या हातवाऱ्यांनी सांगायला लागले, तेव्हा शिंपीणकाकूंनी गच्चीच्या कठड्यावरून वाकून उरलेलं दोनदा विचारून घेतलं आणि शेजारच्या शेजारी पोचवलं.

ओठ एकदम हलायला लागले, भरभर.

"हळू, हळू," सासूबाई म्हणाल्या. "दर शनिवारी... विचारते. माझ्याकडे राहायला ये... म्हणते. तू हसतेस, मान हलवतेस... आणि येत नाहीस. मला वाटलं... तुला माझ्याकडे यायचंच नाही. ह्यांना वाटतं... ह्यांच्यामुळे येत नाहीस."

मास्तरांना खरंच तसं वाटायचं. पण हे त्यांनी बायकोला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"कधी विचारलंस?" सासूबाई ओरडल्या. "मला कोणी विचारलंच नाही! मी म्हणते, लेकीने एकदा तरी ये म्हणावं! का रे, तुला ऐकू येत होतं ना?"

"मला वाटलं तुला ओठ कळतात!" मेहुणा कळवळून म्हणाला. "मी कशाला मायलेकींच्या मध्ये पडू? मी तर तुला बसवून झाडांना पाणी घालायला जायचो." हे त्याला कागदावर बरंच लिहावं लागलं.

अंधारायला लागलं होतं. पडदा करडा झाला, ओठांची कड विरघळली. सासूबाई कासावीस झाल्या. "दिवा लावा! तिला दिवा दाखवा!" शिंपीणकाकू धावत खाली गेल्या आणि शिलाई मशीनचा दिवा लांबलचक वायरीसकट घेऊन वर आल्या. तो त्यांनी बायकोच्या हनुवटीखाली धरला. ओठ पुन्हा उजळले. ते थरथरत होते.

"रडू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. "रडलीस की अक्षर लागत नाही."

तिने पदराने तोंड पुसलं आणि एकच शब्द, लहान मुलाला शिकवावा तसा, ओठ मोठे करून उच्चारला. तो मास्तरांनाही वाचता आला.

"येते गं," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारच्या सकाळच्या बसने येते. चार महिने राहीन. हा आणून सोडेल मला." 'हा' म्हणजे मेहुणा, तो लगेच 'हो' म्हणाला.

मग बायकोने अंगणाकडे, म्हणजे मास्तरांकडे, हात करून एक लांबलचक वाक्य म्हटलं. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं, पण या वेळी मनातल्या मनात. आणि खुदकन हसल्या.

"काय म्हणाली?" मास्तरांनी घाईने विचारलं. "अरे, लिहून विचार ना त्यांना, काय म्हणाली?"

मेहुण्याने लिहिलं. सासूबाईंनी वाचलं.

"जावईबापू, तुम्ही ऐकावं असं असतं तर ती खाली येऊन नसती का बोलली?" त्या म्हणाल्या आणि हात हलवून पडद्यासमोरून उठल्या.

लॅपटॉप बंद करून मास्तर भिंतीला वळसा घालून शेजारी गेले. लोखंडी जिन्याच्या वर बायको उभी होती. मागे शनी चांगला हातभर वर आला होता, स्वच्छ, पिवळसर. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि जिना चढून बायकोचा हात धरला.

"डावा ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" ती दचकली.

"आईंनी. तू बोललीस ते सगळं त्या मोठ्याने वाचत होत्या."

"सगळं?" तिचा हात जिन्याच्या कठड्यावरच थांबला. मग तिने विचारलं, "शेवटचंसुद्धा?"

मास्तरांनी एक पायरी उतरून घेतली. तेवढ्यात त्यांनी विचार केला.

"शेवटचंसुद्धा," ते म्हणाले.

बायको लाजली. मशीनच्या दिव्यात स्पष्ट दिसलं. "इश्श," ती म्हणाली, "एवढंही काही खरं नाही हं ते. पुढे बघा, पडाल."