एक जूनवाले

आमच्या जालन्याच्या लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीजवळचा पंखा तीन उन्हाळे बंद आहे, पण वातावरण एक नंबर आहे. असं एचआरचे खरात साहेब म्हणतात, एसीच्या केबिनमधून. भट्टीपाशी त्यांनी पाटी लावलीय, 'हसत काम करा.' हसायला तोंड उघडलं की धूर आत जातो, एवढीच बारीक अडचण.

"माणूस खूश, तर माल खूश," हे त्यांचं पेटंट वाक्य. त्यापायी त्यांनी योजना काढली: वाढदिवसाला केक आणि अर्धा दिवस सुट्टी. आता आम्ही पडलो खेड्यातले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी कुणाला विचारलंय? ठोकली एक जून! त्या दिवशी चाळीसपैकी एकतीस जणांनी एकाच सुरीला हात लावला. धगीनं केकचं ताक झालं आणि दुपारी मिल बंद पडली. मालक ओरडले, "सगळे एकाच दिवशी जन्मून राह्यले काय?"

साहेबांनी फर्मान काढलं, "खरी तारीख आणा, न्हाईतर सुट्टी बंद!" आणि नुसत्या फर्मानावर थांबेल तो खरात कुठला! फॉर्म घेऊन स्वतः एकेकाच्या घरी, थेट मायसमोर. तारीख, वार, वेळ, ठिकाण. बिलकुल पोलीस चौकशी. पंख्याला वायरमन मिळंना, आमच्या जन्माला मात्र साहेब मिळाले!

माझीही सुट्टी अडली होती, म्हणून त्यांना राजूरला घरी नेलं. आई म्हणाली, "अंगारकीला गणपतीच्या गर्दीत गेल्ते, तिथंच कळा सुरू झाल्या." साहेबांनी मोबाईलवर जुनं पंचांग काढून तारीख शोधली. माझ्यापेक्षा तेच जास्त खूश. पिठलं-भाकरी दोनदा मागून खाल्ली.

मी टोमणा मारला, "साहेब, तुमची तारीख कोणती?"

"एक जून."

"मंग तुम्ही बी विचारा की मायला."

"मी लहान होतो तवाच गेली ती." ते फॉर्मची घडी घालत राहिले. "वसतिगृहात वाढलो. दुसऱ्यांच्या माया सांगतेत, तर ऐकाया बरं वाटतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं त्यांच्या ताटात तिसरी भाकर टाकली. "आजची तारीख लिव, लेकरा. आज काय वाईट हाय?"

साहेबांनी कोरा फॉर्म काढला. स्वतःचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग मान वर न करता विचारलं, "माय, वेळ?"

"लिव, जेवायची."