पिठोबा श्वानाच्या सरकारनोंदीची हकीकत

श्री. ज्यांच्या पायाशी चार श्वान निवांत बसतात त्या दत्तप्रभूंस नमन, मल्हारी मार्तंडाच्या घोड्याबरोबर धावतो त्या श्वानास नमन, आणि षष्ठीदेवीचे वाहन जे मांजर त्यास दुरूनच नमन, कारण ते आपल्या मर्जीने जवळ आले तर आले. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तले ते जैसे कानी आले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव घेत नाही, घेतले तर शेजारचे राज्य रुसून बसेल, की आमच्यात काय कुत्री नाहीत?

तर ते समयी राज्याची नगरपालिका बहुत जागरूक होती, आणि एके दिवशी तिच्या मनात आले की प्रजेची शिरगणती जाहली, घरांची जाहली, नळांची जाहली, परंतु प्रजेच्या उंबऱ्यावर जी कुत्री-मांजरे निजतात त्यांचा पत्ता सरकारास नाही. मग घंटागाडी नामे जो रथ रोज सकाळी कचरा न्यावयास पेठेत येत असे त्याच्या भोंग्यावरून आज्ञा जाहली, की पाळीव जनावराचे नाव, वय, रंग आणि खूण कळवावी, लस टोचून घ्यावी, मग सरकारी माणूस घरी येऊन शहानिशा करील आणि गळ्यात घालावयास बिल्ला देईल, आणि ज्याच्या गळ्यात बिल्ला नसेल त्यास बेवारस समजून नदीपलीकडच्या कोंडवाड्यात नेण्यात येईल. प्रजा आज्ञाधारक. कुत्रेवाले रांगेने गेले आणि नोंद करून आले. मांजरांच्या ठायी मात्र सरकारचे काही चालेना. नाव पुसिले तर एका घरातले चौघे चार नावे सांगत, आणि मालक कोण पुसिले तर सारे एकमुखाने म्हणत, "आमचं नाही हो, आमच्याकडे येतं." तेव्हा मांजरांचा विषय सरकारने पुढच्या वर्षावर ढकलिला, आणि शहाणपणाचे केले.

त्या राज्याच्या खालच्या पेठेत मैनाबाई खराडे यांची पिठाची गिरणी होती. पेठेस तो बालेकिल्लाच. यजमान वारले तेव्हा भाऊबंद म्हणाले, बाईमाणसाला गिरणी झेपणार नाही, विकून टाक. मैनाबाईंनी ऐकून घेतले, पदर खोचला आणि पट्टा चढवून गिरणी सुरू केली, ती आजतागायत सुरू आहे. बाईंचे दळण असे की भाकरी थापताना चिरत नसे, आणि बाजरीवर गहू कधी पडला नाही, आणि उपवासाचे दळण असेल त्या दिवशी जाते पुसून निर्मळ केल्याखेरीज दाणा आत जात नसे. लांबच्या पेठांतून डबे येत. सारी पेठ त्यांस मैनाक्का म्हणे.

परंतु मैनाक्कांचे एक गुह्य होते आणि ते त्यांच्याखेरीज एकासच ठाऊक होते. गिरणीच्या घरघरीत उमर गेली, आणि हळूहळू त्यांचे दोन्ही कान गेले. ही गोष्ट त्यांनी कोणास कळू दिली नाही. कारण गिरणीचे काम डोळ्यांनी अर्धे आणि कानांनी अर्धे. वरच्या पेटीतले दाणे सरले की जात्याचा आवाज पोकळ होतो, तो ऐकून तात्काळ गिरणी थांबवावी लागते, नाहीतर दगडास दगड लागून ठिणग्या उडतात, पीठ करपते आणि जाते फुटते. बहिऱ्या बाईकडे दळण कोण टाकील? म्हणून मैनाक्कांनी युक्ती केली. कोणी लांबण लावून बोलू लागले की त्या हळूच गिरणी सुरू करीत. मग ऐकू न येणे हा साऱ्यांचाच धर्म होई, आणि जो तो ओरडून बोले, आणि मैनाक्का ओठांकडे पाहून मान हलवीत.

आणि जात्याचा पोकळ आवाज ऐकण्याचे काम पिठोबा करीत. पिठोबा श्वान लहानसे पिलू असता एका सकाळी पिठाच्या ढिगात निजलेले सापडले, नखशिखान्त पांढरे, म्हणून नाव पिठोबा. पट्ट्याच्या बाजूस, दाराजवळ त्यांची बैठक. पावसात बाहेर पडणे त्यांच्या इभ्रतीस मान्य नव्हते, आणि आंघोळ हा शब्द त्यांच्यापुढे कोणी काढिला नव्हता. दाणे सरत आले की ते उठत, मैनाक्कांचा पदर दातांत धरून ओढीत, आणि मैनाक्का गिरणी थांबवीत. पेठेस वाटे, किती लाडात येतं बाई कुत्रं! हे लाड नव्हेत, ही चाकरी आहे, हे धनीण जाणे आणि चाकर जाणे. तेव्हा पिठोबा गेले तर गिरणी गेली, इतके उघड होते.

म्हणून भोंग्याची आज्ञा शेजारणींच्या ओठांवरून समजताच मैनाक्कांनी सर्वांआधी नोंद केली. रंग पांढरा, खूण पदर ओढतो, ऐसे लिहून दिले, लस टोचविली, आणि शहानिशेचा दिवस नेमला गेला तेव्हा त्यांच्या मनात आले की सरकारचा माणूस दारी येणार, पोराला नीटनेटके करावे. मग पाणी तापविले, शिकेकाई घेतली, आणि पिठोबांस मोरीत धरून चोळले. पिठोबांनी असा आकांत मांडिला की समोरचे भिकाजीराव शिंपी हातातले कापड टाकून धावत आले. पहिले पाणी पांढरे गेले, दुसरे पिठूळ गेले, आणि मग खालून काळा रंग दिसू लागला. मैनाक्कांस वाटले मोरीचीच घाण लागली, म्हणून आणखी चोळले, तो आणखी काळा. अखेर समोर उभे राहिले ते काळेकुट्ट श्वान, भुवयांवर तांबडे ठिपके, मोठे देखणे. मैनाक्कांनी त्यांचे तोंड वर करून पाहिले. "अरे पिठ्या, तू असा आहेस होय?" म्हणाल्या. आणि तोच दारात विश्वंभरपंत देशिंगकर येऊन ठाकले.

हे पशुनोंदणी खात्याचे कारभारी. मोठे नेकीचे पुरुष. खोटे अक्षर लिहिणार नाहीत. सख्ख्या मेहुण्याचा अर्ज, फोटोत कुत्र्याचे शेपूट आले नाही म्हणून परत केला, आणि तेव्हापासून सासुरवाडीस जेवावयास जात नाहीत. त्यांनी अर्ज पाहिला, श्वान पाहिले, पुन्हा अर्ज पाहिला. "बाई, यात पांढरा आहे. हा काळा आहे. पांढरा कुठे आहे?"

"हाच तो, साहेब. पीठ होतं अंगावर. थांबा, लावून दाखवते."

"पीठ लावलं तर मीसुद्धा पांढरा होईन," पंत म्हणाले. "त्यानं काय सिद्ध होतं?"

मग साक्षीदार बोलाविले. आणि येथे पेठेने जे केले ते दुसऱ्या कोणत्या पेठेला सुचले नसते. साऱ्यांचा पिठोबांवर जीव, आणि जीव होता म्हणूनच ती माणसे परक्या कुत्र्यास पिठोबा म्हणावयास तयार होईनात. भिकाजीराव म्हणाले, "मोरीत कुत्रं धुताना मी पाहिलं, पण पांढरं होतं की काळं ते नाही सांगता येणार, फेसच फार होता. पण आमचा पिठोबा दुधासारखा! हे कुठलं आणलंय?" द्वारकाकाकू म्हणजे पेठेतले मोठे वजनदार माणूस, वीस माणसांचे दळण त्यांच्या घरचे, त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "साहेब, मी देवाशपथ सांगते, हा तो नव्हे. पिठोबाच्या तोंडावर कसं सात्त्विक तेज होतं. मैने, खरं सांग, आमच्या पिठोबाला कुठं घालवलंस?" आणि डोळ्यांस पदर लाविला. पिठोबा त्यांचे पाय चाटीत होते ते त्यांनी झटकून टाकिले.

मैनाक्कांनी सर्वांची तोंडे पाहिली आणि काय बोलणे चालले आहे ते समजल्या. वैर असते तर सोसले असते, हे प्रेम होते, याला काय करावे?

पंत न्यायी. म्हणाले, "खूण लिहिली आहे, पदर ओढतो. ओढून दाखवू दे." मग मैनाक्का पदर हलवून उभ्या राहिल्या. पिठोबा बसून राहिले. भिकाजीरावांनी गूळ दाखविला, द्वारकाकाकूंनी आपला पदर पुढे केला, कोणी चपाती आणिली. पिठोबांनी चपाती खाल्ली आणि बसून राहिले. खुशामतीने ओढावयाचा तो पदर नव्हता. पंतांनी बाहेर उभ्या असलेल्या कोंडवाड्याच्या गाडीवाल्यास हाक मारिली. तो दोरी घेऊन आला.

तेव्हा मैनाक्कांनी जवळच्या डब्यातले पसाभर गहू पेटीत टाकिले आणि गिरणी सुरू केली. घरघर जाहली, पीठ उडाले, आणि दाणे सरताच पिठोबा उठले, चार पावले चालून गेले आणि मैनाक्कांचा पदर धरून असा ओढिला की त्या मागे आल्या. गिरणी थांबली. "ओढला! ओढला!" पेठ ओरडली. द्वारकाकाकू मात्र म्हणाल्या, "योगायोग असेल," पण आवाजात जोर नव्हता.

पंतांनी हात वर केला. "ओढला खरा. पण इतका वेळ मनधरणी केली तेव्हा नाही, आणि आताच का? शिकवलेलं दुसरं कुत्रं नाही कशावरून? मला कारण कळल्याशिवाय सही होणार नाही."

कारण सांगितले तर गिरणी जाते आणि न सांगितले तर पिठोबा जातात, असा प्रसंग मैनाक्कांवर येऊन ठेपला. मोठमोठ्या सरदारांनी अशा वेळी पाठ दाखविली आहे. मैनाक्कांनी एकवार जात्याकडे पाहिले, एकवार गाडीवाल्याच्या दोरीकडे पाहिले, आणि बोलल्या. गिरणी बंद होती, पेठ चूप होती, पण आपला आवाज केवढा येतो हे त्यांस कळत नव्हते, म्हणून त्या नेहमीच्या गिरणीतल्या आवाजातच बोलल्या, आणि ते बोल पेठेच्या दोन्ही टोकांस ऐकू गेले.

"मला ऐकू येत नाही, साहेब! लई वर्षं झाली! दाणे संपले की हा ऐकतो आणि मला सांगतो! माझे कान आहेत ते!"

भिकाजीराव खाली पाहू लागले. मग द्वारकाकाकू पुढे आल्या, मैनाक्कांच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "अगं मैने, मग इतकी वर्षं मी सुनेचं गाऱ्हाणं कुणाला सांगत होते?"

मैनाक्कांनी ओठ वाचले आणि म्हणाल्या, "पिठ्याला!"

पेठ हसली, काकूही हसल्या, आणि हसता हसता त्यांस रडू फुटले. मग त्या मोठ्या देहानिशी खाली वाकल्या आणि काळ्या पिठोबांचे तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "आणि बाहेर एक शब्द नाही हो फुटला याच्या तोंडून. हाच आमचा पिठोबा, साहेब. लिहा."

पंतांनी लेखणी काढिली. परंतु अर्जावर पांढरा लिहिले होते आणि समोर काळा होता, आणि खोटे अक्षर त्यांच्या हातून उतरत नव्हते. त्यांनी पुसिले, "नाचणी दळता तेव्हा कसा दिसतो?" मैनाक्का म्हणाल्या, तांबूस. "आणि हरभऱ्याची डाळ?" पिवळा. पंतांनी बहुत विचार केला, आणि रंगाच्या जागी आपल्या सुरेख वळणदार अक्षरात लिहिले: काळा, कामावर असता वेगळा. मग बिल्ला स्वहस्ते गळ्यात बांधिला, आणि गाडीवाल्यास म्हणाले, "दोरी ठेव. हे सरकारी नोकर नाहीत, पण निवृत्त होईपर्यंत यांना कोणी हात लावायचा नाही."

त्या रात्री मैनाक्कांस अन्न गोड लागले नाही. पिठोबा राहिले, परंतु पेठेस गुह्य कळले, आता डबे वरच्या पेठेतल्या गिरणीत जाणार, हे त्यांनी मनाशी धरून ठेविले. सकाळी फळी उघडली तो दारात डब्यांची रांग, सर्वांपुढे द्वारकाकाकूंचा मोठा डबा. मैनाक्कांनी सवयीने गिरणीच्या खटक्याकडे हात नेला, की घरघर सुरू जाहली म्हणजे सारे एकसारखे बहिरे होतील. काकूंनी तो हात धरिला. मग त्यांच्या पुढ्यात येऊन, तोंड उजेडाकडे करून, मुळीच न ओरडता, एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "ज्वारी आहे. बारीक दळ. आणि दळायच्या आधी जरा बस, सुनेचं सांगायचंय." त्यांच्यामागे जी जी उभी होती ती तीही आपली पाळी आली की तैसेच उजेडाकडे तोंड करून बोलली. मैनाक्कांनी बहुत वर्षांनी गिरणी बंद ठेवून माणसांचे बोलणे पुरते समजून घेतले, आणि त्या दिवशी दळणास उशीर जाहला. तरी कोणी तक्रार केली नाही.

तात्पर्य, ते राज्य धन्य, जेथे नोंद करणारा खोटे लिहीत नाही, खरे सांगणारी बाई आपले नुकसान पाहत नाही, आणि शेजारीण चुकली तरी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येते. मांजरांची नोंद अद्याप जाहली नाही. ती व्हावी ऐसी आमची फारशी इच्छाही नाही. इति.