कंडक्टरले तिकीट नसते

दर बुधवारी माझ्या दवाखान्यात लसीकरण असतं आणि दर बुधवारी वासुदेवभाऊ माझ्याआधी येऊन बसलेले असतात. त्यांना स्वतःला कुठलीही लस घ्यायची नसते. घरात लहान मूलही नाही. हातात मात्र एसटीतला जुना, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा असतो. मी सुई टोचायच्या क्षणी भाऊ तो बाळाच्या कानाशी टिकटिक वाजवतात. बाळ डोळे मोठे करून चिमट्याकडे बघतं, मी माझं काम उरकते, आणि आपल्याला रडायचं होतं हे त्याच्या लक्षात येईपर्यंत ते आईच्या खांद्यावर पोचलेलं असतं.

सुरुवातीला मला हा प्रकार मुळीच आवडला नव्हता. हा दवाखाना आहे, नांदुऱ्याचं बसस्टँड नाही, असं मी त्यांना चांगलं खडसावलं होतं.

"तेच तं म्हनतो, मॅडम," भाऊ म्हणाले. "स्टँडवर लाइन तरी असते. तुमच्या इथं कुठी हाये?"

पुढच्या बुधवारी लाइन होती. भाऊंनीच लावलेली. मग मी चिमटाही चालवून घेतला.

भाऊंचं उभं आयुष्य कंडक्टर म्हणून घाट चढण्या-उतरण्यात गेलं. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. भाऊंनी साऱ्या जगाचेच तसे दोन भाग केले आहेत. सर्दी-पडसं हा घाटाखालचा आजार, टायफॉइड घाटावरचा. कोणी तरणी आई सुई बघून रडवेली झाली, की ते तिला समजावतात, "सुई म्हंजे घाट हाये, बाई. पोटात कालवते, पन वर पोचलं का मोकळं." लस घेतल्यावर ताप का येतो, हे मी बराच वेळ समजावून सांगते आणि समोरची बाई मान डोलावते. बाहेर गेल्यावर ती भाऊंना विचारते, काऊन हो येते ताप? "इंजन तापल्याबिगर गाडी घाट चढते काय?" भाऊ म्हणतात, आणि बाई समाधानाने घरी जाते.

दोघींच्या बाकड्यावर ते चौघींना बसवतात. "पुढं सरका, मंधात जागा हाये." मंधात जागा कधीच नसते, पण सगळ्या सरकतात.

या शूर माणसाची गंमत अशी, की मी सुई भरायला घेतली की तो भिंतीकडे तोंड करतो. चिमटा बाळाच्या कानाशी आणि नजर कॅलेंडरवर. तुमचं वय झालं, फ्लूची तरी लस घ्या, असं मी दरवर्षी सांगते. उत्तर ठरलेलं. "कंडक्टरले तिकीट नसते, मॅडम. गाडीत सगळ्याईहून जास्त फिरते थोच, अन् त्यालेच तिकीट नसते." वर असं हसतात, की जणू नियमच दाखवला.

अलीकडे त्यांना एक नवीनच नाद लागला होता. लाइन लागली की ते एखादीला विचारत, "पाच मिंट घेऊ काय याले?" आणि बाळ मांडीवर घेऊन अवघडून बसत. मान कुठं धरायची, ढेकर कसा काढायचा, दुपटं कसं गुंडाळायचं, सगळं त्या पोरींकडून विचारून घेत. म्हाताऱ्याचा विरंगुळा, असं समजून मी दुर्लक्ष केलं.

मग एका बुधवारी गर्दी सरल्यावरही ते थांबले.

"मॅडम, माह्या पल्लवीले दिवस गेले. सातवा लागला."

पल्लवी ही त्यांची एकुलती एक मुलगी, घाटावर सुलतानपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण भाऊंच्या घरी आता बाईमाणूस नाही, बायको वारली. पल्लवीच्या सासूने सरळ सांगितलं, माय नाही तर माहेर कायचं, बाळंतपण इथंच करू.

"सासू वाईट नाई, मॅडम. बरोबरच बोलली." भाऊ चिमटा उघडत-मिटत राहिले. "पन पल्लवी झाली तवा मी मुक्कामी गाडीवर होतो. तिच्या एकाही सुईले मी नव्हतो. तिची मायच एकटी घेऊन जाये. म्हून मी बुधवारी येतो. पोट्टं धराले शिकून राह्यलो. आता तिच्या सासूले सांगतो, पाठवा, मले येते."

मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. आणि डॉक्टर असल्यामुळे मी नेमकं नको ते बोलले. "मग तुम्हाला सुई घ्यावी लागेल, भाऊ. डांग्या खोकल्याची. मोठ्या माणसाला तो नुसता खोकला वाटतो, पण तान्हं बाळ त्यानं गुदमरतं. बाळाला उचलणाऱ्यांनी आधीच लस घेतलेली बरी."

भाऊंचा चेहरा उतरला. "कंडक्टरले..." म्हणाले आणि चिमटा खिशात घालून निघाले.

पुढच्या बुधवारी भाऊ आले नाहीत. लाइन मोडली, सगळी बाळं एका सुरात रडली आणि माझंही कशात लक्ष लागेना.

त्यानंतरच्या बुधवारी आले ते पल्लवीला घेऊन. तिचा सातवा महिना सरत आला होता. मधल्या काळात भाऊ स्वतः सुलतानपूरला जाऊन विहिणीशी बोलून, डॉक्टर सुई घ्या म्हणते हेही सांगून आले होते.

"सासूआईंनी पाठवलं," पल्लवी म्हणाली, "पन म्हनल्या, तुह्या बाबाची सुई झाली का मले फोन कर. नाई झाली, तं तशीच वापस ये."

आधी पल्लवीला तिची गरोदरपणातली लस द्यायची होती. मी सुई भरली. भाऊंनी चिमटा लेकीच्या कानाशी धरला, आणि या वेळी ते भिंतीकडे वळले नाहीत. सुई टोचेपर्यंत बघत राहिले. टिकटिक.

"बाबा, मी काय लहान हाव?" पल्लवी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मग भाऊंची पाळी. ते खुर्चीपासून हातभर लांब उभे राहिले. पाय काही उचलेना. तेवढ्यात लाइनीतली एक बाई बोलली, "पुढं सरका, भाऊ. मंधात जागा हाये."

सगळा दवाखाना हसला. भाऊ सरकले. बसले, बाही वर केली आणि डोळे गच्च मिटून घेतले. पल्लवीने त्यांच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि त्यांच्या कानाशी वाजवायला लागली.

"झालं," मी म्हटलं.

भाऊंनी डोळे उघडले नाहीत. "वाजव, पोरी," ते हळूच म्हणाले. "अजून थोडं वाजव."

पल्लवी एका हाताने चिमटा वाजवत राहिली आणि दुसऱ्या हाताने तिने सासूला फोन लावला.

"हाव, आई. झाली बाबाची सुई. आता मी इथंच."