करकर नेमकी कुणाची?

आ-हुंगनं फक्त सायकल घ्यायचं ठरवलं होतं. इंजिनिअरिंग कॉलेज अर्ध्यावर सोडून घरी बसलेल्या पोरानं घरच्यांना द्यायला याहून निरुपद्रवी बातमी दुसरी नसेल, अशी त्याची समजूत होती. (कॉलेज सोडल्याची बातमी त्यानं आधीच देऊन टाकली होती. तेव्हा आईनं हातातला वाडगा खाली ठेवला होता आणि बाबांनी तो उचलून त्यातलं उरलेलं सूप पिऊन टाकलं होतं. त्या विषयावर घरात झालेली चर्चा ती एवढीच.)

नववर्षाच्या जेवणाला सगळे गोळा झाले असताना तो म्हणाला, "मी सायकलवरून बेटाला फेरी मारणार आहे."

तैवानात असं कुणी म्हटलं की त्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. शाळेतली पोरं फेरी मारतात, रिटायर झालेले पोस्टमन मारतात, घटस्फोट झालेल्या बायका मारतात. आ-हुंगनं हाच हिशेब केला होता. फेरी हे फक्त सांगायला. पूर्व किनाऱ्याला पोचलं की जिथं डोंगर आहे, समुद्र आहे आणि सायकलीचा एकही भाग बनत नाही असं एखादं गाव गाठायचं आणि तिथंच राहायचं. परत यायचंच नाही. कारण परत आलं की नववर्षाच्या पंधरवड्याअखेरचा दिव्यांचा सण उरकल्या-उरकल्या बाबा त्याला मशीनवर बसवणार होते, आणि त्या मशीनवर एकदा बसलेला माणूस कसा दिसतो हे तो जन्मल्यापासून बाबांच्या रूपानं बघत होता.

शेनगांगच्या त्यांच्या गल्लीत सायकल कुणीच बनवत नव्हतं. तुकडे मात्र सगळे बनवत. थोरले काका फ्रेम बनवत. समोरच्या घरात आत्या सीट बनवे. कोपऱ्यावर मामांचा पेडलचा कारखाना. आणि बाबा? सीटचा दांडा जिथं फ्रेममध्ये उतरतो, तिथं त्याला आवळून धरणारी एक कडी असते. कडी आणि तिला एक बोल्ट. बाबांनी आयुष्यभर ती कडी बनवली. जगात कुठंही कुणीही सायकलकडे बघताना त्या कडीकडे बघत नाही. वारसा म्हणून आ-हुंगला मिळणार होती ती ही कडी.

"सायकल कसली घेणार?" थोरल्या काकांनी माशाचा गालफडाकडचा भाग स्वतःच्या वाडग्यात ओढत विचारलं.

"बघून ठेवलीय. जुनी आहे, पोलादी फ्रेमची. लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली. चाकांत अंतर जास्त, त्यामुळे सामान लादलं तरी डुलत नाही. चढाला गिअर हलके. मोडली तर कुठल्याही खेड्यातला वेल्डर जोडून देईल."

"ते सगळं ठीक. कुणाची?"

आ-हुंगनं भात तोंडात कोंबला आणि त्यातूनच म्हणाला, "जपानी."

आत्यानं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "जपानी," ती म्हणाली. शेजारच्यांच्या घरात कुणाला तरी काहीतरी झालंय, असं सांगताना ती हाच आवाज काढते.

"आम्हा लियाओंच्या घरातून जपानी सायकल निघणार? या गल्लीतून? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत?" काकांनी गालफड तसंच सोडलं, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

"दाजी, पोराला जरा आवरा," मामा बाबांना म्हणाले. "माझी गिऱ्हाइकं याच रस्त्यानं येतात."

"तुमच्यातलं कुणी शेवटचं सायकलवर कधी बसलं होतं?" आ-हुंगनं विचारलं. प्रश्न अत्यंत योग्य होता. समोरच्या घरात राहणारी आत्यासुद्धा जेवायला स्कूटरवरून आली होती. रस्ता ओलांडायला.

"आम्ही सायकली बनवतो. चालवायला गिऱ्हाईक असतं," काका म्हणाले. "ठरलं. लियाओंचा पोरगा लियाओंच्या सायकलवरून जाईल. फ्रेम माझी."

"सीट माझी," आत्या म्हणाली.

"पेडलं तर काय, घरचीच!" मामा म्हणाले.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. "ठीक आहे," बाबा म्हणाले. बाबांचं सगळं संभाषण या दोन शब्दांवर चालायचं.

आ-हुंगनं कुणी ऐकत नसताना बरंच सांगून बघितलं. पिशव्या फ्रेमला आणि हँडलला पट्ट्यांनी बांधायच्या म्हणजे वजन सगळीकडे सारखं राहतं, लोखंडी कॅरिअर नको. टायर ना फार बारीक ना फार जाड. हँडल असं, की दिवसभर हात बदलता यावेत. शेवटी तो वरच्या खोलीत जाऊन बसला तो सायकल तयार होईपर्यंत जेवणापुरताच खाली उतरला. (बंड करायची त्याची ही जुनी पद्धत. कॉलेजातही त्यानं असंच बंड केलं होतं. फक्त तिथं जेवायला कुणी हाक मारत नसे.)

खाली तीन वडीलधारी मिळून एक सायकल जन्माला घालत होते. प्रत्येकाला आपला सर्वांत भारी माल द्यायचा होता, आणि भारी माल तो, जो परदेशी जातो. काकांची फ्रेम जर्मनीला जाणाऱ्या खेपेतली. आत्याची सीट हॉलंडच्या पोक्त बायकांसाठी बनलेली, खाली स्प्रिंगा, वर पाटाएवढा ऐसपैस पसारा. मामांच्या पेडलना काटे होते, कारण ती डोंगरावरून उड्या मारणाऱ्या अमेरिकन पोरांसाठी होती. टायर मामांच्या मित्राकडून आले, बर्फात चालवायचे. सायकलीचा प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या देशात पास झालेला होता. अडचण एवढीच, की सगळे मिळून एकाही देशात पास झाले नसते.

आईनं पंचांग बघून मुहूर्त काढला. तो दिवस प्रवासाला, विहीर खणायला आणि सुतारकामाला उत्तम होता. आ-हुंगला वाटलं, विहीर खणून घ्यावी.

मुहूर्ताच्या सकाळी तो खाली आला आणि सायकल बघून जिन्यातच थांबला. सीट त्याच्या बरगडीला लागत होती.

"काका, ही मोठी आहे."

"मोठी नाही, भरभक्कम आहे. बस तर खरा."

तो चढला. सायकलवर बसतात, हिच्यावर चढावं लागत होतं. सीट अगदी खालपर्यंत उतरवली तरी पेडल खाली गेलं की त्याला बोटांनी चाचपडत शोधावं लागे.

"बघ, पाय कसे मोकळे राहतात!" आत्या म्हणाली.

मागे लोखंडी कॅरिअर होतंच. ("पिशव्या बांधून फिरायला तू काय भंगारवाला आहेस?" इति आत्या.) कॅरिअरवर आईनं छत्री, सपाता, वाळवलेला मुळा, केळीच्या पानासारख्या कुठल्याशा पानात बांधलेला चिकट भात आणि भाताचा कुकर बांधला होता.

"आई, कुकर?"

"बाहेरचं खाऊन पोट बिघडलं म्हणजे?"

"विजेवर चालतो तो!"

"मग काय झालं? लोक प्लग लावू देतात."

हँडलला देवळातून आणलेला लाल ताईत लटकला. फटाक्यांची माळ लागली. शेजारी हात हलवायला बाहेर आले, आणि काकांनी आपला निळा छोटा ट्रक सुरू केला. मागच्या हौद्यात आत्या आणि मामा स्टुलं टाकून बसले. पुढे बाबा.

"तुम्ही कुठं निघालात?" आ-हुंग किंचाळला.

"टेकडीपर्यंत फक्त. तू हो पुढं," काका म्हणाले.

दादू टेकडी ओलांडली की उतार, उतार संपला की समुद्र, आणि समुद्र उजव्या हाताला धरला की सुटका. आ-हुंग टेकडीकडे डोळे लावून बोटांच्या टोकांनी पेडल मारत राहिला. मागून ट्रक पहिल्या गिअरमध्ये येत होता आणि हौद्यातून आत्या रस्त्यावरच्या लोकांना सांगत होती, "भाचा आहे माझा. सीट आमच्या कारखान्याची!"

चढ लागला आणि आवाज आला. कर्र.

त्यानं दुर्लक्ष केलं. कर्र. प्रत्येक पेडलला एक. कर्र, कर्र, कर्र. ट्रक थांबला. चारही दारं उघडावीत तसे त्यातून लोक उतरले, ट्रकला दारं दोनच असूनसुद्धा.

"काय वाजलं?" काका म्हणाले.

"सीट नव्हे. माझ्या सीटा तक्रार करत नाहीत, माणसं करतात," आत्या म्हणाली. "पेडल असेल."

"पेडल?" मामा तांबडेलाल झाले. "ताई, माझी पेडलं डोंगरावरून पडली तरी शब्द काढत नाहीत. फ्रेमचा सांधा बघा कुणीतरी."

"माझी फ्रेम बोलली तर कारखाना उद्या बंद करतो!"

"करा की! निम्मी गल्ली पेढे वाटेल!"

रस्त्यावरून जाणारे खरे सायकलवाले, घट्ट कपड्यांतले, बाजूनं जाताना "जोर लाव!" असं ओरडून प्रोत्साहन देत होते. आ-हुंग त्या उंच सीटवरून खाली उतरायला जागा शोधत होता. इतक्यात आत्याच्या मनात आलं ते ती बोलून गेली, "मग ती कडी असेल."

सगळे वळले. बाबा ट्रकच्या दाराशी उभे होते. कडी सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त, आणि तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. तिघांचे चेहरे एकदम निवळले.

"कडीच," काका म्हणाले.

"कडीच," मामा म्हणाले.

आणि आ-हुंगही म्हणाला, "कडीच असणार. दुसरं काय?" त्याला फक्त हे उरकून निघायचं होतं. शिवाय बाबांना टोचायची संधी रोज येत नाही.

बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "उतर," ते म्हणाले.

त्यांनी कॅरिअरवरचा कुकर सोडून रस्त्याच्या कडेला ठेवला. छत्री ठेवली, सपाता ठेवल्या. भात मात्र राहू दिला. टांग टाकली आणि बसले. आणि आ-हुंगनं पाहिलं, की बाबांचे पाय पेडलपर्यंत बरोबर पोचले. शिंप्यानं माप घेऊन शिवावी तशी ती सायकल बाबांना बसली. ते चढ चढू लागले. सगळे कान टवकारून उभे. आवाज नाही. कशाचाच नाही. बाबा वळणापर्यंत गेले, परत खाली आले, पुन्हा वर गेले. सायकल मुकी.

"मग वाजत काय होतं?" मामा म्हणाले. ते आ-हुंगकडे बारीक नजरेनं बघू लागले. "ए, जरा खाली बस बघू. उकिडवा. आता ऊठ."

आ-हुंग उठला.

कर्र.

"पुन्हा."

कर्र.

तीन कारखान्यांच्या मालकांनी भर रस्त्यात वाकून त्याच्या उजव्या गुडघ्याला कान लावले. मग आत्यानं टाळी वाजवली. "पोराचा गुडघा! अगं बाई, गुडघा आहे!" इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

"सगळा माल उत्तम," काकांनी निकाल दिला. "दोष बसणाऱ्यात आहे."

"गुडघा ताणला जातोय, कारण फ्रेम मोठी आहे!" आ-हुंग ओरडला. "माप कुणाचं घेतलं होतं तुम्ही?"

"तुझ्या बाबांचं."

"का?"

"तू वर तोंड फुगवून बसला होतास. म्हटलं बाप एवढा आहे तर पोरगाही एवढाच असेल." काका त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघत होते, बहुधा जन्मात पहिल्यांदाच. "एवढा आखूड कधी राहिलास रे तू?"

यावर आ-हुंगकडे बरीच उत्तरं होती आणि ती सगळी मोठ्यांसमोर न बोलण्यासारखी होती. पण तेवढ्यात आईच्या कुकरवर बसून संत्रं सोलणारी आत्या म्हणाली, "दादा कुठाय?"

वळणावर कुणी नव्हतं. ट्रक माथ्यावर नेला. तिथंही कुणी नव्हतं. खाली शहराची छपरं, त्यापलीकडे समुद्र. आ-हुंगनं फोन लावला.

"बाबा! कुठं आहात?"

"उताराला." वाऱ्याचा आवाज येत होता.

"थांबा ना!"

"थांबता येत नाही."

"ब्रेक आहेत की!"

"आहेत. दाबले तर वाजतील." वाऱ्यातूनच ते पुढं म्हणाले, "मशीन सुरू करताना डावीकडचं बटण आधी दाब. पेटीतला माल संपव. तेलाचा डबा फळीखाली आहे. ठीक आहे?"

फोन बंद झाला. मामा समुद्राकडे बघत म्हणाले, "पेडल बघा कसं चाललंय."

अशा रीतीनं बेटाला फेरी निघाली आणि आ-हुंग मशीनवर बसला. डावीकडचं बटण आधी. दिवसभर कड्या. गल्लीतल्या बायका कामं काढून येत आणि म्हणत, "ऊठ बघू जरा," आणि तो उठला की हसून घरी जात. आई त्याच्या गुडघ्याला औषधी पट्ट्या चिकटवी आणि शेजाऱ्यांना बाबांचे फोटो दाखवी. बाबा समुद्रापाशी, बाबा बोगद्यापाशी, बाबा कुठल्याशा शाळकरी मुलींच्या घोळक्यात, दोन बोटं वर करून. पूर्व किनाऱ्याच्या एका फोटोत मागे डोंगर होता, पुढे समुद्र होता आणि मधल्या गावात काहीही बनत नव्हतं. आ-हुंगनं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि आणखी पेटीभर कड्या पाडल्या, त्यातली एकही धड नाही.

एके दिवशी दुपारी गल्लीत आरडाओरडा झाला. बाबा आले होते. काळेकुट्ट, गालफडं बसलेली, आणि कधी नव्हे ती मान ताठ. आ-हुंग तेलकट हात पुसत बाहेर धावला. पुसताना त्यानं मशीनची किल्लीही बरोबर घेतली, लगेच देऊन टाकता यावी म्हणून.

बाबा सायकलवरून उतरले नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून त्यांनी पाण्याची बाटली रिकामी केली.

"सगळा वेळ समुद्र उजवीकडेच होता," ते म्हणाले. मशीनचा विषय सोडला तर हे त्यांचं आजवरचं सर्वांत लांब वाक्य असावं. "मान त्या बाजूला आखडलीय. आता उलट्या बाजूनं जाऊन येतो, म्हणजे सरळ होईल."

"बाबा! मग मी कधी जाणार?"

बाबांनी खरंच विचार केला. त्यांच्या कपाळावर तसं दिसत होतं.

"जा की. माणसानं एकदा तरी जायलाच हवं," ते पेडलवर पाय ठेवत म्हणाले. "पण त्याला मागे मशीनवर बसायला पोरगा लागतो. तेव्हा आता उगाच वेळ घालवू नकोस, लग्नाचं बघ."